पोच

जिल्हा न्यायालयासमोर, टिनाच्या शेडखाली
माझं मशीन डावीकडून चौथं.
वारसान, भाडेपट्टा, काडीमोड, प्रतिज्ञापत्र.
पानाला बारा रुपये, कार्बन वेगळा.
मे महिना. रिबन वाळून जाते,
कळीवर बोट टेकवलं की चटका.

त्याला शंभरकर वकिलांनी पाठवलं.
"उकेबाई, पाहुणा आहे. घाई नको, चूक तर नकोच."
साई लाव मेंग. सालवीन नदीकडचा, शानांच्या डोंगरातला.
उजव्या हाताला तीन बोटं,
म्हणून स्वतः टाईप करत नाही, म्हणाला मोडक्या हिंदीत,
जसं कोणी म्हणावं, चष्मा घरी राहिला.

वहीची एकोणीस पानं, इंग्रजीतून.
नदी कोणाची, खाणीतला दगड कोणाचा,
शाळेत पोर पहिला शब्द कोणत्या भाषेत म्हणेल,
आणि सभागृहातल्या लष्कराच्या खुर्च्या,
निवडणुकीशिवाय भरलेल्या,
कितव्या वर्षी रिकाम्या होतील.
ही ओळ चार वेळा खोडून
चार वेळा तीच लिहिलेली.

माझ्या इंग्रजी मशीनचा एफ अशक्त आहे.
दांडा उठतो, वरची टोपी उठत नाही.
पेनानं भरून देते ना जी, मी म्हटलं.
तो हसला. "तिकडे पण याच अक्षराचा त्रास.
फेडरल म्हटलं की साहेब पाणी पितात,
मग विचारतात, दुसरा शब्द नाही का?"

मराठीत काय म्हणता?
संघराज्य, म्हटलं, आणि थांबले.
आमच्या गावात संघ तीन पत्त्यांवर राहतो.
एक रेशीमबागेत. एक दीक्षाभूमीवर, चिवर पांघरून.
एक त्या जाड पुस्तकात, पहिल्याच कलमात,
जे शंभरकरांना झोपेतही पाठ.
टपाल कधीकधी भलत्याच दारी पडतं.

चौदा वर्षं झाली गोळी थांबून, तो सांगत होता.
बंदुका तेल लावून गोणपाटात.
ते म्हणतात, आधी द्या मग बोलू.
आम्ही म्हणतो, आधी बोला.
अधिवेशनाला बोलावलं तेव्हा
आंघोळीची वेळसुद्धा लिहून दिली होती.
बोलायचं नव्हतं. वाचायचं होतं,
तेही आधी तपासून घेतलेलं.

मग तुमच्या कागदाचं काय झालं?
त्याने पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये जपलेला चतकोर काढला.
निळा शिक्का, तारीख, कोंबडीच्या पायासारखी सही.
मला लिपी येत नाही, पण ओळखलं.
तीस वर्षं हाच धंदा.
आवक क्रमांक पडला की अर्ज झोपतो.
पोच मिळते. कागद पोचत नाही.

आणि तुमच्याकडे, त्याने विचारलं.
आमच्याकडे करार आहे, म्हटलं, याच शहराच्या नावाचा.
हिवाळ्यात सरकार येतं, ट्रकभर फायली,
रस्त्यांना डांबर, आणि थोड्याच दिवसांत परत.
आम्ही मोर्चे काढतो, लाठ्या खातो,
घरी येऊन जेवतो.
बोलून गेले, आणि जीभ चावली.
सगळे कुठे आले होते घरी?
झिरो माईलपासून हाकेवर गोवारींचं स्मारक आहे.
एकशे चौदा.
यादीत दोन नावांमध्ये
एक स्वल्पविराम नव्हता, एवढंच म्हणे भांडण.

तो काही बोलला नाही.
कूलरवाल्याने पाणी ओतलं, वाळ्याचा वास आला.

सोळाव्या पानावर मी थांबले.
त्याच्या डोंगरातल्या दोन जमातींची नावं,
एकमेकांना चिकटून, मध्ये काही नाही.
हे एक की दोन?
त्याने पान डोळ्यांजवळ नेलं.
खूप वेळ. शेजारच्या मशीनवर
कोणाचा तरी घटस्फोट टाईप होऊन संपला.
"टाका," म्हणाला.

मी कळ दाबली.
माझ्या मशीनचा एफ अशक्त आहे,
पण स्वल्पविराम असा जोरात उठतो
की कागदाला भोक पडतं.