एकतीस ग्रॅम

गाळ्यामागची ओतकामाची भट्टी तीनला उघडते
तेव्हा टेबलावरचे सेल मी लोखंडी कपाटात सरकवते.
धग कुणाचीही असो, त्यांना ती आपलीच वाटते.

उद्यमनगरात मला बॅटरीवाल्या पोतदारबाई म्हणतात.
ड्रिलचे पॅक, वजनकाट्याचे पॅक,
एका देवळातल्या माइकचा पॅक, त्याचे पैसे अजून यायचेत.

तो पोरगा आला. शिरोलीत शिकाऊ,
नखांत काळं तेल.
खिशातून काढलं ते मुठीएवढं यंत्र,
व्होल्ट वरखाली करायला दोन बटणं,
तोंडाकडं जळकट गोड वास, फणसाचा की कशाचा.
“मावशी, ह्यात दोन सेल बसतात. हे चालतील न्हवं?”

बंदी आहे ह्या वस्तूवर. त्याला माहीत, मला माहीत,
समोर ग्लास विसळणाऱ्या इलाहीला माहीत.
तरी माझी नजर आधी सेलकडंच गेली.

निळेभोर. वर छापलेलं: नऊ हजार नऊशे.
ह्या मापाच्या सेलात साडेतीन हजारापुढं गेलेला
मी तरी पाहिलेला नाही.

अण्णांचा गुजरीतला काटा माझ्याकडं असतो.
भावांना दुकान, मला काटा, अशी वाटणी झाली.
ठेवला सेल. एकतीस ग्रॅम.
काढून माझा ठेवला. सेहेचाळीस.
पोरगा काट्याकडं बघत राहिला,
गहाणाला आणलेली पाटली खोटी निघाल्यावर
माणसं बघायची तसा.

मग मी बोलत सुटले.
“गंगावेशीत कट्ट्यावर धारेचं दूध प्यालायस कधी?
म्हैस दिवसाला किती देते, हा एक हिशेब.
एका दमात किती ओढायचं, हा दुसरा.
तू पहिलाच आकडा वाचतोस.
लाथ दुसऱ्यावर बसते.
तुझं यंत्र किती अँपिअर ओढतंय, माहितीय?
आणि हा किती सोसेल? कुठं लिहिलंय, दाखव.”
कुठंच नव्हतं.

“दोन घालायचे तर एका दिवशी आणलेले, एकत्रच चार्ज केलेले.
नवा-जुना एका जुवाला जुंपायचा नाही,
दमलेल्याला दुसरा फरफटत नेतो.
टोकाकडचं प्लास्टिक नखाएवढं सोललं तरी वापरायचा नाही.
आणि खिशात किल्ल्या अन् सेल एकत्र...”
इथं थांबले.
माझ्या डाव्या तळव्यावरचा डाग त्यानं पाहिला होता.
पाच वर्षं झाली. घाई माझीच होती.

“मग तुमच्याकडचे द्या की दोन.”

नाही दिले तर रात्री मोबाइलवर
पुन्हा एकतीस ग्रॅमच मागवणार.
दिले तर चांगला सेल, पण ओठांपासून चार बोटांवर.
चांगला म्हणजे किती चांगला, अण्णांनी विचारलं असतं.
त्यांच्याकडं कसाचा दगड होता.
माझ्याकडं मीटर आहे. तो चार आकडे दाखवतो
आणि गप्प बसतो.

नाही दिले.
“हे मात्र मी ठेवून घेते,” म्हटलं.
“साडेचारशेचे आहेत,” तो म्हणाला.
गल्ल्यातून साडेचारशे काढून दिले,
वर सेल ठेवायची प्लास्टिकची एक डबी.
त्या पैशांचं काय करणार, हे विचारायचं राहिलं.
तो वळणावर दिसेनासा झाल्यावर आठवलं,
नावही विचारलं नव्हतं.

इलाही म्हणाला, “बाई, खोटं सोनं विकत घेतलंत.”

सहाला शेजारची लेथ बंद झाली.
वाळूची बादली जवळ ओढली,
एक निळा पूर्ण उतरवून
वरचं टोपण कापलं.
आत करंगळीएवढा सेल, ऊस चरकातून निघावा तसा सुकटलेला.
उरलेल्या जागेत पांढरी पूड.
बोटाला पिठासारखी लागली, वास नाही.
कागदावर गोळा करून काट्यावर ठेवली.

नऊ ग्रॅम भरली.