सोळा बाय सोळा

कंपनीचं नाव दाना.
तिकडच्या बोलीत दाना म्हणजे टपोरा मोती.
मला मुलाखतीत ऐकू आला दाणा,
दाणापाण्यातला,
आणि मी मान डोलावली.

मुहर्रकला, शिंप्याच्या दुकानावरचा मजला.
हे अॅल्युमिनियमच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
सनदनं माझी उशी पाहिली, मॅटीवर फुलीफुलीनं भरलेला पोपट,
एका डोळ्याला दोरा कमी पडलेला.
म्हणाला, हेच पाहिजे. कागदावर काढ.
सोळा आडवे चौकोन, सोळा उभे.
यात एक माणूस बसव.

बसवला. पहिल्या दिवशी त्याला पाय उरले नाहीत.
दुसऱ्या दिवशी पाय आले, तोंड गेलं.
तिसऱ्या दिवशी माणूस झाला, पण उजवीकडे धावणारा.
निझारनं कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरला:
आमच्याकडे गोष्ट इकडून सुरू होते, बाई.
मग सहा वर्षं माझी सगळी माणसं
डावीकडे तोंड करून धावली.

पहिला खेळ पाणबुड्याचा.
नाकाला चिमटा, पायाला दगड, हातात टोपली.
गुण शिंपल्यांचे, मरण श्वासाचं.
होडीवर दोर धरून बसलेला एक माणूस होता,
तो हलायचा नाही.
मनामाच्या एका मुलानं पत्र लिहून विचारलं, तो झोपलाय का?
त्याला हलवायला जागा नव्हती रे,
मशीनची आठवण तिथवरच होती.

मग खजूरचोर. मग उंटांची शर्यत,
जिच्यात तिसऱ्या वळणावर उंट थांबायचा तो थांबायचाच.
निझार चार रात्री जागला, चूक सापडली नाही.
शेवटी पुस्तिकेत छापलं: उंट थकतो.
रमजानच्या तोफेचा खेळ ईदनंतर महिन्यानं आला.
सगळ्यांत जास्त खपला तो बेरीज-वजाबाकीचा,
ज्याला आम्ही कुणी खेळ म्हणत नव्हतो.
एकंदर अकरा.

सासूबाईंना लिहिलं, इथे एका माणसाला तीन जीव देतात.
उलट टपाली उत्तर आलं:
तू आहे तो एक सांभाळ.

कॅसेटी कुंजुमोन भरायचा, सहा डेकवर, पंखा बंद करून.
पाच मिनिटं टेप किंचाळायची, मग पडद्यावर समुद्र.
एकदा कोऱ्या कॅसेटी संपल्या, माल तर उद्या द्यायचा,
त्यानं घरून आलेल्या कॅसेटींवर खेळ भरले.
रिफाहून एक बाप तक्रार घेऊन आला:
खेळ संपल्यावर टेप चालू राहिली
तर आत एक बाई रडते, काय म्हणते कळत नाही.
कुंजुमोननं ती कॅसेट बदलून दिली.
जुनी खिशात ठेवली.
आम्ही कुणी काही विचारलं नाही.

सनदच्या आजोबांचा धंदा जपाननं बुडवला,
मोत्यांची शेती करून.
नातवाच्या वाट्याला करडी पेटी आली, तीही जपानची,
आणि मागोमाग तिची तैवानी नक्कल:
एका खोक्यात शंभर खेळ, आमच्या दोन कॅसेटींच्या भावात.
तो हसून म्हणायचा, आमच्या घराण्याला पूर्व दिशा लाभत नाही.
कुवेतच्या व्यापाऱ्याकडे चारशे दिनार अडकले,
ऑगस्टात व्यापारीच अडकला.
पुढच्या वर्षी तिकडचा धूर इथवर आला,
दुपारी दिवा लावून मी पगाराच्या पाकिटावर सही केली.
पाकिटात निम्मे पैसे होते,
निम्म्याच्या बदली एक कीबोर्ड.

कीबोर्ड चिपळूणच्या पुरात गेला.
बारावा खेळ अर्धा राहिला होता,
त्याचे दोन कागद तेवढे माळ्यावर होते म्हणून वाचले.
नव्या मशीनला आठवण जास्त होती,
म्हणून मी होडीवरच्या त्या माणसाला दोनदा काढलं होतं.
एका कागदावर हात खाली, दुसऱ्यावर वर.

परवा नात झोपल्यावर
कागद एकावर एक ठेवले, वरचा भराभर उचलून पाहिला.
हात खाली. हात वर. हात खाली.
ओढतोय. चांगला ओढतोय.
दोराच्या टोकाला कोण आहे
ते काढायचं राहून गेलं.