पाण्याची किल्ली

हत्तरगीचा टोलनाका मागे पडला की गड दिसतो,
आणि गडाखाली, बाभळी तोडून केलेल्या मैदानात,
निळी प्लास्टिकची खुर्ची.
तिच्यावर मी, शेवंता बिर्जे.
संकेश्वरच्या पोस्टात एकतीस वर्षं खिडकीआड.
आता खिडकी नाही, म्हणून लोक कुठूनही येतात.

खात्यानं दिलंय ते एवढं :
शिट्टी, बॅटरी, रूळ आखलेली वही
आणि नळाची किल्ली. ती मी कमरेला खोचते,
इथं पाण्याशिवाय चोरण्यासारखं काही नाही.
‘संबळ एष्ट री?’ मेंढ्या घेऊन जाताना बाळाप्पा रोज विचारतो.
काही नाही म्हटलं की रोज तेवढाच हसतो.
मेंढ्याही थांबतात, हिशेब ऐकायला.

चाकांवर घरं येतात. खरंच, घरं.
काचेला पडदे, आत हातभर ओटा,
ओट्यावर कुंडीत आलं लावलेलं,
आणि शेजारी नवरा-बायकोचं भांडण
जे तंबूतल्यापेक्षा हळू आवाजात चालतं, पत्रा आहे म्हणून.
मी सांगते, चूल पेटवू नका, गवत वाळलंय.
रात्री बुरुजावर नको. दरवाजाच्या कमानीत मधमाश्या आहेत,
त्यांना उजेड सोसत नाही.
हे मराठीत सांगते, मग कन्नडात, मग हातवारे करून.
हातवारे सगळ्यांना कळतात, ऐकत कुणी नाही.

वहीत एक रकाना आहे : गाव.
लोक तिथंच अडतात.
परवा एकानं लिहिलं, ‘सध्या हेच.’
असं पाकीट पोस्टात आलं असतं
तर शिक्का मारून परत धाडलं असतं मी.
पण कुठं?

मंगळवारी गर्दी नसते, तेव्हा भिंती धुते.
तारेचा ब्रश चालत नाही, काथ्याचाच. दगड दुखता कामा नये.
कोळशाची नावं पाण्यानं जातात,
चुन्याची दोन दिवस रुसून बसतात,
बदाम आधी पुसला जातो, बाण मागे राहतो.
उत्तरेच्या तटाला, कंबरेच्या उंचीवर,
कर्कटकानं कोरलेलं सापडलं :
शे. मु. ७ वी ब.

हौसा आडोसा करून उभी होती, बाई बघतील म्हणून.
डब्यात दशमी होती, लाल चटणी होती,
आणि ‘मु’चा उकार पुरा व्हायच्या आत शिट्टी झाली होती.
मुतगेकर. त्या अक्षरानं मला
चाळीस वर्षांत कुणी हाक मारली नाही.
दोन बादल्या ओतल्या.
दगड नुसता ओला झाला, आणि ते अधिकच नीट वाचता आलं.

त्याच संध्याकाळी एक पोरगा खिळा घेऊन भिंतीशी.
‘प्र’ पर्यंत आला होता.
शिट्टी तोंडात धरली, पण वाजवलीच नाही.
‘पुढं काय रे?’ विचारलं.
‘प्रल्हाद,’ म्हणाला, रडायच्या बेतात.
वही पुढं केली. त्यानं दोन रकाने खाऊन नाव लिहिलं,
गावाचा रकाना त्यातच गेला.
खिळा माझ्या डब्यात आहे, सुपारीबरोबर.

बारा वाजून गेल्यावर काच वाजली.
‘नीरु बेकु, अक्का.’
म्हातारी गाडीतून उतरून अनवाणीच आली होती,
हातात दोन कॅन, एक झाकणाशिवायचा.
किल्ली फिरवली. नळ आधी खोकला, मग आला.
हिडकलच्या धरणाचे दिवे लांब, पाण्याचे म्हणूनच कळत होते.
भरेपर्यंत आम्ही बोललो नाही. ती मधेच म्हणाली,
ह्यांना झोप येत नाही, गाडी थांबली की.

पहाटे गाडी गेली होती.
खुर्चीवर शेंगाचटणीची पुडी, वर दगड ठेवलेला,
आणि मैदानात गवताचा एक दाबलेला चौकोन.
त्याच्यावरून मी चालत नाही.
दुपारपर्यंत ते आपापलं उठतं.