शून्य उरतं

नारिनच्या शाळेत नोव्हेंबरात फळा इतका गार पडतो
की खडू ओढला तरी दात शिवशिवतात.
सातवी ब. बावीस मुलं, एकोणीस पुस्तकं,
आणि मी,
भर्रकन उत्तर काढून देणारी म्हणून नावाजलेली.

मी सोडवायचे, मुलं उतरवून घ्यायची.
वह्या अशा नीटस की तपासणीचे साहेब खूश.
मग एकदा, आकडे तेच ठेवून
मी गणितात गोठ्याच्या जागी विहीर घातली,
तर बावीस पेनं हवेतच थांबली.
बेक्तेमिर म्हणाला, "बाई, हे आपण केलेलं नाही."

हे आपण केलेलं नाही.
रात्रभर ते वाक्य
दातात अडकलेल्या मांसाच्या धाग्यासारखं.
नवऱ्याला सांगितलं. तो ट्रक नेतो, चीनच्या हद्दीपर्यंत.
म्हणाला, घाटात ट्रक बंद पडतो
तेव्हा तो बिघाड मीही कुठे आधी केलेला असतो?
मग करतोस काय?
खाली उतरतो. बघतो. एक सिगारेट ओढतो.
पाना हातात घ्यायच्या आधी ओढतो, बरं का.

दुसऱ्या दिवसापासून मी खडू खिशात ठेवू लागले.
ठाऊक काय आहे? हवंय काय? चित्र निघेल का?
एवढं विचारायचं, आणि गप्प.
गप्प कसं राहायचं ते
ओशच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
उत्तर जिभेवर गरम बटाट्यासारखं,
गिळावं तर पोळतं,
बाहेर टाकावं तर तास तिथेच संपतो.
पहिला आठवडा मुलांनी माझ्याकडे
मी आजारी असल्यासारखं पाहिलं.
एकाच्या आईनं तर निरोप धाडला,
बाई हल्ली शिकवत नाहीत म्हणे.

मग ते नमद्याचं गणित आलं.
चौकोनी नमदा, बाजू दहा वीत,
त्यातून मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कापली,
नक्षीचं क्षेत्रफळ चौसष्ट. वाया किती गेलं?
बेक्तेमिर छत्तीस. खिडकीकडची रांग छत्तीस.
पुस्तकाच्या मागच्या पानावरही छत्तीस.
नुरझादा म्हणाली, शून्य.

वर्ग हसला.
माझा खडू खिशातून अर्धा बाहेर आलेला.
"कसं?" एवढंच निघालं तोंडातून,
नशीब माझं.

ती पुढे आली. बोलली नाही काही.
वहीचं कोरं पान, त्यावर वर्तमानपत्राचं पान,
दोन्ही एकत्र दुमडून कात्री चालवली, एकदाच,
तिच्या घरी शिरदाक कापतात तशी,
काळ्यावर पांढरा नमदा ठेवून.
मग अदलाबदल केली.
अक्षरांत कोरी शिंगं बसली,
कोऱ्यात अक्षरांची.
दोन गालिचे.
"खाली काही पडलंय का बघा," म्हणाली,
आणि आम्ही तेवीस जण
वाकून फरशी बघत राहिलो.

"पण पुस्तकात नमदा एकच आहे," बेक्तेमिर अडला.
खरंच होतं त्याचं.
"दुसरा नाही, असं कुठे लिहिलंय?"
हेही खरं.
दिलेलं काय आणि आपण धरून चाललेलं काय,
यावर अशी जुंपली की शेजारच्या वर्गातून
भिंतीवर तीनदा थापा पडल्या.
घंटा झाल्यावर मात्र निम्मी पळाली.
मुलंच ती.

वसंतात परीक्षा झाली. तसलंच गणित.
नुरझादानं स्वच्छ अक्षरात छत्तीस लिहिलं,
चौकट आखली, पूर्ण गुण.
आणि समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं.
दिव्याखाली पेपर तिरपा धरला.
बोट फिरवलं तर गोल लागला, बारीक,
कागदात दबलेला.

त्याला गुण कुठे द्यायचे, कळेना.
लाल पेन तसंच हातात.
चहावर साय धरली.
नवरा या वेळी घाटात असेल,
कुठेतरी खाली उतरून
बघत.