वरच्या मजल्यावरची इडा

नाव सांगितलं, इडा.
मी म्हटलं, अगं बाई,
आमच्यात इडा-पिडा टळो म्हणतात
आणि ही तर दोन बॅगा घेऊन जिना चढली.
मागं म्हातारा, ओरेस्ते,
छातीशी चीजचा गोळा, फडक्यात गुंडाळलेला,
बाळंतिणीच्या खोलीतून आणावा तसा.

लुका वर राहतो, दोन वर्षं झाली.
इटलीहून शिरोलीच्या फौंड्रीत मशिनं बसवायला आला
आणि बसूनच राहिला, बायकोपोरीसकट.
भाडं एक तारखेला. कटकट नाही.
पोरगी बिआंका, पाच वर्षांची.
"आज्जी, मी आलो," म्हणते,
अगदी इथल्या पोरीसारखी.
वरून आईची हाक आली
की जिन्याच्या सातव्या पायरीवर
तिची भाषा बदलते.

आता दुभाषी तीच.
इडा हात हलवून लांबलचक बोलली.
पोरीनं नीट ऐकून घेतलं, म्हणाली,
"नोन्ना म्हणत्या, चांगलं हाय."
एवढंच?
"बाकीचं मला मराठीत येत न्हाई."

खरवस द्यायला एकदा वर गेले.
गिझरच्या बटणाला चिठ्ठी.
प्यायच्या पाण्याला चिठ्ठी.
बेसिनच्या नळावर लाल शाईत, दोनदा अधोरेखित.
एक अक्षर वाचता येईना.
सगळ्या कळल्या.

विनिपेगला रणधीरच्या घरी अशाच होत्या.
सूनबाईचं अक्षर सुरेख.
शेगडीवर, हात लावू नका, मी येते.
मागच्या दारावर, उघडू नका.
मायेनंच लावलेल्या, मी कुठं नाही म्हणते.
पण लेकाच्या घरात
पाय न वाजवता चालायची एक चाल असते.
कप धुवायचा, पुसायचा,
जागच्या जागी असा ठेवायचा
की कुणी चहा प्यालंच नव्हतं.
सहा महिने काढले त्या चालीत.

परवा रात्री छतावर तीच ऐकली.
इडा उठली असणार, पाण्याला.
चार पावलं, थांबली.
मग दोन.
मी खाली अंथरुणात
श्वास धरून.

ओरेस्तेचं बरं चाललंय.
ह्यांनी त्याला स्कूटरवरून गंगावेशीत नेला, दुधाच्या कट्ट्यावर.
म्हशी रस्त्यात उभ्या, धारा चालू, माणसं पेले घेऊन.
त्याच्याही घरी डोंगरात गाई होत्या म्हणे, विकल्या.
बघत राहिला, बघत राहिला,
आणि बाह्या सारून बसला खाली.
शिदगोंडा गवळ्यानं कासंडी पुढं केली.
म्हशीनं कान हलवला फक्त.
"ह्यो आपल्यातलाच हाय," शिदगोंडा म्हणाला,
"उन्हात जरा कमी वाळलाय."
त्या दिवसापासनं म्हातारा पाच वाजले
की जिन्यात टोपी घालून उभा.

इडाला कोण नेणार, आणि कुठं?

एका दुपारी ती आपणहून खाली आली.
पोरगी शाळेत, बाकीचे कामावर.
दुभाषी नाही.
मी कांदा-लसणाच्या चटणीचं काढलं होतं,
तिनं लसणाची परडी ओढून घेतली.
सोलायची रीत वेगळी, सुरीच्या पात्यानं चेचून.
करू दिलं.
डब्याचं झाकण लागेना तिच्याकडनं,
तिनं ते ओट्यावर आपटलं.
दचकली. माझ्याकडं बघितलं.

मी पातेलं उचललं आणि आपटलं.

मग काय सांगू,
खलबत्ता, उलथनं, पाटा सरकवला त्याचा आवाज,
ती तिच्यात बोलते, मी माझ्यात,
दोघी मोठ्यानं,
शेजारच्या माणगावकर वहिनी खिडकीतून,
"काय झालं वो?"
काही नाही म्हटलं, चटणी.

गेली ती मागच्या मंगळवारी.
उजळाईवाडीला लुका सोडून आला, डोळे लाल,
धुळीनं म्हणाला.
बिआंका सातव्या पायरीवर बसून होती,
वरही नाही, खालीही नाही.

रात्री रणधीरचा फोन.
"मार्चचं तिकीट काढू का, आई?"
काढ म्हटलं.
पण एक पातेलं आणून ठेव,
जाड बुडाचं,
माझ्या एकटीचं.
"इथं भरपूर आहेत गं."
असू देत.