वेगळी चूल

डॉक्टर म्हणाले, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.
मी मनातल्या मनात जिना मोजला.
कन्नमवार नगर, मजला तिसरा, पायऱ्या चोपन्न.
अ‍ॅम्प एकतीस किलो.
लिफ्ट येणार आहे, पुनर्विकासात,
हे सोसायटीच्या फळ्यावर अकरा वर्षं लिहिलेलं आहे.
खडू दरवर्षी नवा.

तर ठरलं, याची वाटणी करायची.
वर डोकं, खाली छाती,
वॉल्व्ह एका पेटीत, स्पीकर दुसऱ्या.
एकाच खोक्यात एकानं तापायचं
आणि दुसऱ्यानं त्याला हादरवायचं,
तीस वर्षं झाली, पुरे.
"म्हणजे दोन खेपा," शरयू म्हणाली.
तिचं गणित नेहमी हातच्यासकट.

मागचे आठ स्क्रू. एक गंजलेला, त्याला खोबरेल.
प्लग काढला म्हणून कपॅसिटर लगेच विसरत नाहीत,
चारशे व्होल्ट आत दबा धरून बसतात.
ग्रँट रोडचे कासकर म्हणायचे,
डावा हात खिशात ठेव,
रागावलेल्याशी एकाच हातानं बोलावं.
तसाच बोललो, रेझिस्टर धरून,
मीटर शून्यावर येईतो.

आत निघाला गुलाल, कुठल्या मंडळाचा कोण जाणे,
एक वाळलेलं झुरळ,
आणि चासीच्या कडेला, लाकडात दाबून बसवलेली
आठ घड्यांची प्रवेशिका.
ऑर्केस्ट्रा नवनाद. चेंबूर. रांग क, खुर्ची चौदा.

ही मी ठेवलेली नाही.

त्र्याण्णव साली, त्या रात्री, ए-ची तार छेडली की
अ‍ॅम्प खर्र करायचा,
घशात बोंबलाचा काटा अडकल्यासारखा.
मध्यंतरानंतर थांबला.
मी समजलो, आपोआप बरा झाला. वस्तू होतात कधीकधी.
डेन्झिल मिस्किटा, आमचा अकॉर्डियनवाला,
तेव्हा मागे वाकून बसलेला होता.
काय रे, विचारलं, तर म्हणाला, बुटाची नाडी.
पुढे बाराशे रुपयांवरून आम्ही बोलणं सोडलं.
बाराशे.
आता तेवढ्यात अर्धा प्लाय येत नाही.

प्लाय अठरा एमएम, पार्कसाइटहून कापून आणला.
रेक्झिन रिक्षांच्या सीटा शिवणाऱ्या जब्बारभाईचं,
काळं संपलेलं, म्हणून मरून.
अंधारात कोण बघतंय, म्हणाला.
जाळीला कांद्याच्या गोणीचं तागाचं कापड, दोनदा धुऊन,
तरी दोन दिवस घराला लासलगावचा वास.
क्लॅम्प नव्हते. फेविकॉल सुकेपर्यंत
गव्हाचा डबा ठेवला, वर पाटा,
तरी एक कोपरा उचलायचा, म्हणून
शेजारचा दहावीतला पोरगा बसवला, मोबाइलसकट.
त्याला म्हटलं, हलू नकोस.
त्याला तसंही हलायचं नव्हतं.

वजन केलं. डोकं चौदा, छाती एकोणीस.
पाच कुठेच नाही.
शिवाय बेरीज दोन किलोनं वाढलेली,
वाटणीत वाढतंच.

संध्याकाळी स्विच दाबणार, तेवढ्यात शरयू म्हणाली,
"अहो, ती मधली वायर?"
राहिलीच होती.
लोकांना वाटतं, स्पीकर नसला तर काय,
आवाज येणार नाही, एवढंच.
तसं नसतं.
ऐकणारं कुणी जोडलेलं नसलं
की सगळं आतल्या आत परतत राहतं
आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

वायर लावली. वॉल्व्ह हळूहळू लाल झाले,
कोळशावर राख धरावी तसे.
ए-ची तार छेडली.
स्वच्छ. कुठेच खर्र नाही.
सांधे इतके घट्ट बसलेत
की त्या चिठोऱ्याला जागाच नाही कुठे.
टीव्हीवर ठेवलं, उडालं. पाकिटात ठेवलं.

जुन्या डायरीत डेन्झिलचा नंबर सात आकडी आहे.
पुढे दोन लावून पाहिला.

रिंग जातेय.