मचूळ

कंपनीनं चार दिवसांसाठी धाडलं होतं,
बियाण्यांच्या उगवणीवर कुणी कुणी बोलणार होतं.
बोलले. मी वहीत उतरवून घेतलं.
पाचवा दिवस माझा होता.

गावाचं नाव टॅलिन.
आक्का शेवटपर्यंत ‘टाळीन’ म्हणत राहिली,
जणू मी जायचंच टाळणार होते.

तटबंदी, बुरुजांवर लाल टोकदार टोप्या,
गोट्यांच्या रस्त्यावर माझी मामा चौकातली चप्पल
दर चार पावलांनी दगा द्यायची.
जहाजातून उतरलेली माणसं
छातीला नंबर चिकटवून
एका पिवळ्या छत्रीमागं चाललेली.
मीही थोडी चालले, फुकटात.
छत्रीवाली सांगत होती
आधी कुणाचं राज्य, मग कुणाचं, मग कुणाचं,
आणि मला देवगिरी आठवला:
घरापासून दीड तासावर,
त्या अंधाऱ्या वाटेत मी अजून पाय टाकलेला नाही.
पाहुणे आले की म्हणते,
तुम्ही जाऊन या, मी स्वयंपाकाचं बघते.

भिंतीला टेकून एक म्हातारी
भर जूनमध्ये लोकरीचे हातमोजे विकत बसलेली.
कुठली तू?
मी मोबाइलच्या नकाशात बोट ठेवलं,
समुद्रापासून लांब, मधोमध.
उपाशी लेकराकडं बघावं
तसं तिनं माझ्याकडं पाहिलं
आणि दहाचे आठ केले.

रात्री साडेदहाला खिडकीत ऊन.
पडदा ओढला तरी कडेनं आत.
झोप येईना म्हणून घरी फोन लावला,
जालन्यात एक वाजलेला.
आक्कानं पहिल्याच रिंगला उचलला:
‘नळ आलाय. दहाव्या दिवशी आलाय. ठेव.’
मागं टिपाडात पडणारी धार,
कुणीतरी कुणाला तरी ‘घागर सरकव गं’ ओरडलेलं.
एका गावात सूर्य जागा,
एका गावात बायका.

पहाटे (पहाट कसली, उजेड गेलाच नव्हता)
बंदरापल्याड खडकांवर जाऊन बसले.
लाटा म्हणाव्या तर नाहीत,
घाणेवाडीचा तलाव वाऱ्यानं हलतो
तितकंच हलणारं पाणी.
कुणी बघत नाही असं बघून
ओंजळीत घेतलं, जीभ लावली.
खारट नाही.
मचूळ.
वैशाखात आपल्या बोअरचं लागतं, तेच.
एकटीच हसले.
तीन विमानं बदलून
घरचंच पाणी प्यायला आले होते.
शाम्पूची बाटली रिकामी केली,
विसळली, भरून घेतली.

सटवाजीकाका आमच्या गल्लीचं पाणी सोडतात.
खांद्यावर लोखंडी चावी, माणसाहून थोडी बुटकी.
‘लई पाणी आसंल तिथं?’
जिकडं बघावं तिकडं, म्हटलं.
‘आन् सोडतं कोण?’
मला सांगता आलं नाही.
बाटली हातात दिली तर त्यांनी वास घेतला,
‘डोकं धुवायचं दिसतंय.’

लॅबमधल्या मीटरला मात्र वास येत नाही.
आकडा आला आपल्या बोअरच्या तिप्पट.
म्हणजे माझी जीभ चुकली,
किंवा पाच दिवसांत तिला घर आठवायला लागलं होतं.
काकांना सांगितलं.
ते चावी टेकवून हिशेब करत उभे राहिले:
गेल्या साली किती होता आकडा,
त्याच्या आदल्या साली किती,
नवी बोअर किती फूट खाली गेली.
‘तिप्पट म्हंजे काई लांब नाही,’ म्हणाले.
‘आनखी चार-पाच उन्हाळे.
मंग तुला विमान कामून लागंल?’
आणि व्हॉल्व्हचं झाकण उघडायला वाकले.

हातमोज्यांचं म्हणाल तर
भाऊजी एक हातमोजा भिजवून
पाण्याच्या बाटलीवर चढवतात,
रोलिंग मिलमध्ये नेतात.
भट्टीशेजारी दुपारपर्यंत गार राहतं म्हणे.
दुसरा आक्कानं मागितलाय.